शिफ्टच्या वेळेवरचा डबा

खेड तालुक्याचं जेवणाच्या डब्याशी असलेलं नातं चाकणला पहिला कारखाना येण्याच्या कितीतरी आधीचं. मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. पुढं त्यात शिरलेली माणसं बहुतेक खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतली होती. पावसावरची शेती, वर्षातले काही महिने रिकामे हात आणि भाऊबंदांपैकी कुणीतरी आधीच मुंबईत, एवढ्या भांडवलावर ही साखळी उभी राहिली. हे लोक कचेऱ्यांत डबे पोचवत तसे शाळांतही पोचवत. सकाळी उशिरा शिजलेलं वरण-भात मुंबईतल्या मुलाला दुपारी निदान कोमट तरी मिळे.

त्याच खेड तालुक्यात, चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारात आता मोटारी तयार होतात. इथल्या मुलाचा डबा मात्र कुणी पोचवत नाही. तो त्यानंच सकाळी दप्तरातून न्यायचा. जेवण दुपारचं, स्वयंपाक पहाटेचा. डब्यात काय जातं आणि काय जात नाही, याचं बरंचसं उत्तर या दोन वेळांच्या मधल्या अंतरात आहे.

डब्याबद्दल लिहिणारे-बोलणारे हे अंतर सहसा मोजत नाहीत. पुरवण्यांत पाककृती येतात, शाळा आठवड्याचा तक्ता पाठवतात, पालकसभेत कुणी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ येऊन ‘रंगीबेरंगी डबा’ समजावून सांगतात. ऐकणाऱ्या आईला पौष्टिक काय ते ठाऊक नाही, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मला ते पटत नाही. मटकीची उसळ चांगली आणि बिस्किटं वाईट हे पिंपरी-चिंचवडच्या चिखली, दिघी, मोशीतल्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. डबा ठरतो तो वेळेवर, आणि वेळ ठरते कंपनीच्या बसवर.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली स्थापन झाली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली. मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या लहान वर्कशॉपांच्या रांगा. 1982 साली या गावांची पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. जागा अपुरी पडू लागली तसा उद्योग नाशिक रस्त्यानं चाकणकडं सरकला. 1999 मध्ये तिथं बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, पाठोपाठ महिंद्राचा. या सगळ्याबरोबर आली ती फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि जनरल अशी शिफ्टची भाषा. इथं शेजारी एकमेकांना ‘या आठवड्यात कोणती?’ एवढंच विचारतात, आणि कशाबद्दल विचारलं ते सांगावं लागत नाही.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कंपनीची बस सहाच्या आसपास थांब्यावर येते, म्हणजे पाचला गॅस पेटतो. मुलाची व्हॅन सात-साडेसातला, पण एका घरात दोनदा कणीक तिंबली जात नाही. त्यामुळं मोठ्याचा आणि मुलाचा डबा एकाच वेळी भरतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडील सकाळी घरी असतात. डबा थोडा उशिरा, थोडा निवांत होतो, आणि हल्ली बऱ्याच घरांत तो वडीलच भरतात, जरी त्यात तूप-साखरेच्या पोळीची सुरळी जास्त वेळा निघत असली तरी. खरी पंचाईत थर्ड शिफ्टची. रात्रभर उभं राहून आलेला माणूस मुलं निघायच्या वेळी घरात शिरतो आणि झोपतो. दोन खोल्यांच्या घरात तेव्हा मिक्सर लावता येत नाही, कुकरच्या शिट्ट्या काढता येत नाहीत. चटणी वाटायची तर आदल्या संध्याकाळी, मटकी शिजवायची तर तीही तेव्हाच. हे कुठल्याही आहारतक्त्यात लिहिलेलं नसतं.

त्यात पाणी. 2019 च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. ज्या घरांना मोठी टाकी नाही, तिथं पाण्याच्या दिवसाची सकाळ भरण्यात जाते आणि बिनपाण्याच्या दिवशी भांडी कमीत कमी काढायची असतात. पालेभाजी चार पाण्यांनी धुवावी लागते. बटाटा एका पाण्यात भागतो.

आणखी एक गोष्ट डब्याच्या चवीवर परिणाम करते, आणि ती थेट कायद्यातून येते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 46 व्या कलमात 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन चालवण्याची तरतूद आली. मोठ्या कंपनीतला कायम कामगार कँटीनला जेवतो, त्याच्या घरी डबा फक्त मुलांसाठी होतो. भोसरीच्या वर्कशॉपात तीस-चाळीस जणांत काम करणाऱ्याला घरूनच न्यावा लागतो. अशा घरी भाजी एकच, आणि ती डबा नेणाऱ्या मोठ्या माणसाच्या जिभेची. दुसरीतलं पोर अर्धी भाजी परत आणतं ते अनेकदा ‘आवडत नाही’ म्हणून नव्हे, तिखट लागते म्हणून.

सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण दिलं मुलांच्या अपुऱ्या झोपेचं, आणि ते खरंच आहे. पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांना, दोन फेऱ्यांचा हिशेब बसवलेल्या बसवाल्यांना आणि नऊच्या आत कामावर हजर व्हायच्या पालकांना तो जड गेला. तिसरीतली मुलगी नऊला आणि सातवीतला मुलगा सातला, असं झालं की एका सकाळी दोन डबे दोन वेळांना. झोप वाढली ती मुलीची.

आता पहाटे भरलेल्या डब्याचं दुपारपर्यंत काय होतं ते पाहू. इथं आपल्या स्वयंपाकघरांनी साठवलेलं शहाणपण पाककृतींच्या पुस्तकांत मावणार नाही एवढं आहे.

तव्यावरून उतरलेली पोळी वाफ सोडत असते. ती तशीच डब्यात घालून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते आणि वरची पोळी चिकट, गिचगिचीत होते. म्हणून पोळ्या आधी जाळीवर किंवा फडक्यावर निवू द्यायच्या. पण फार वेळ उघड्या ठेवल्या तर कडा कडक होतात. पातळ सुती फडक्यात गुंडाळून ठेवण्याची जुनी रीत या दोन्हींच्या मधली. फडकं जादा वाफ शोषतं आणि पोळीतली ओल टिकवतं. निवल्यावरही पोळी हळूहळू ताठ होत जाते, त्याचं कारण पाणी उडून जाणं एवढंच नाही. भाजताना फुगून सैल झालेले पिठूळ कण, म्हणजे स्टार्च, थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांना घट्ट धरू लागतात. ही क्रिया फ्रीजच्या गारव्यात सगळ्यात जलद होते. रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलेली पोळी सकाळी ताज्या पोळीपेक्षा लवकर वातड होते ती यामुळंच. कणकेत तेलाचं मोहन घातलं की हे थोडं लांबतं. पाण्याऐवजी दूध घालून केलेली दशमी प्रवासात जास्त वेळ मऊ राहते, त्यामागंही दुधातला स्निग्धांश आहे. रात्री मळून ठेवलेली कणीक सकाळी काळपट दिसते, त्याला पिठातल्या कोंड्यातलं एक विकर कारणीभूत असतं. अशी कणीक झाकून फ्रीजमध्ये ठेवलेली असेल तर एका रात्रीत बिघडत नाही, फक्त मुलांना तो रंग आवडत नाही.

ज्वारीची भाकरी या परीक्षेत नापास होते. गव्हातला चिकटपणा ज्वारीत नाही. गरम पाण्यानं पिठाचा थोडा भाग उकडला जातो, त्याच्या आधारावर भाकरी थापली जाते. गरम असते तेव्हा तिच्यासारखं काही नाही, चार तासांनी मात्र ती डब्यात मोडते. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडून या पट्ट्यात आलेल्या घरांत रात्री भाकरीच असते, पण मुलाच्या डब्यात चपाती. त्यात लाजेचाही भाग आहे. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात भाकरी काढायला मुलं नको म्हणतात. अलीकडं मिलेटच्या नावानं तीच ज्वारी महागड्या पाकिटांतून शाळेच्या ‘हेल्दी’ तक्त्यात परत आली आहे, यावर हसावं की चिडावं ते कळत नाही. मराठवाड्यातल्या बायांनी मात्र यावर उपाय कधीच काढून ठेवला होता. ज्वारीत गहू आणि बेसन मिसळून, तीळ-ओवा घालून, दह्यात भिजवलेलं धपाटं गाडीच्या प्रवासात दोन दिवस टिकतं. ते शाळेच्या डब्यात सहज चालावं, आणि काही घरांतून जातंही.

भाजीचा प्रश्न पाण्याचा. मीठ लागलं की भाजी पाणी सोडते, आणि डबा दप्तरात आडवा झाला की तेल-हळदीचा तो रस्सा गणिताच्या वहीत उतरतो. म्हणून ‘सुकी भाजी’. पण सुकी कशी ठेवायची? इथं आपल्याकडं दोन फार हुशार युक्त्या आहेत, शेंगदाण्याचा कूट आणि पीठ पेरणं. कोबी, कांद्याची पात, सिमला मिरची यांवर बेसन भुरभुरून वाफ आणली की बेसन सुटलेलं पाणी पिऊन टाकतं, आणि भाजीला डाळीची प्रथिनंही मिळतात. चाकण कांद्याची मोठी बाजारपेठ, पात स्वस्तात मिळते. पात पाच मिनिटांत चिरून होते, दहा मिनिटांत शिजते, डब्यातून गळत नाही. एवढं सगळं असून डब्यांत बटाट्याचंच राज्य, कारण बटाट्याला मुलांचा विरोध नसतो आणि पहाटे पाच वाजता वाद घालायला वेळ नसतो.

पूर्वी डबा पितळेचा होता तेव्हा आणखी एक बंधन असे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट काही राहिलं की ते कळकायचं. स्टीलच्या डब्यांनी ही भीती घालवली आणि आंबट पदार्थांना वाट मोकळी करून दिली. पण ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लिंबाचं लोणचं गुंडाळणं तेवढं टाळावं. वर्तमानपत्रात तर काहीच गुंडाळू नये. छपाईच्या शाईमुळं केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्ये तसा इशारा दिला आहे.

एका पदार्थाबद्दल मात्र स्पष्ट बजावायला हवं. तो म्हणजे रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळचा फोडणीचा भात. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. सकाळच्या फोडणीनं जिवाणू मरतील, पण उलट्या करवणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. भात जेवणं झाल्याबरोबर फ्रीजमध्ये गेला असेल तर सकाळी फोडणीला टाकायला हरकत नाही, पण चांगला वाफाळेपर्यंत परतायला हवा. एप्रिलमध्ये, जेव्हा चाकणच्या पत्र्याच्या खोल्या सकाळी नऊलाच तापतात, तेव्हा तर डब्यात भात न देणंच बरं.

पोषणाचं गणित थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1700 कॅलरी आणि 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन मध्यम चपात्यांतून साधारण 200 कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. बटाट्याची भाजी पोट भरते, पण प्रथिनांत फारशी भर घालत नाही. चपातीला दोन चमचे शेंगदाण्याची चटणी लावली की आणखी चार-पाच ग्रॅम, उकडलेलं अंडं दिलं तर सहा ग्रॅम. दाण्याची चटणी महिनाभर टिकते, पहाटे करावी लागत नाही, सांडत नाही, थर्ड शिफ्टवरून आलेल्या माणसाची झोप मोडत नाही. या पट्ट्यासाठी कुणी आदर्श डबा ठरवायला बसलं तर तिथून सुरुवात करावी. बिहार-उत्तर प्रदेशातून चाकणला आलेल्या कुटुंबांकडं याच जागी सत्तूचा पराठा आहे, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ भरलेला, तसाच टिकाऊ आणि प्रथिनांनी तेवढाच भरीव. मेदनकरवाडी किंवा नाणेकरवाडीच्या शाळेत हे दोन डबे एकाच बाकावर उघडतात तेव्हा अदलाबदल होतेच. मुलांना त्याची पाककृती विचारावी लागत नाही.

अंड्याचा विषय निघाला की डब्याबाहेरही पाहावं लागतं. अनेक खासगी शाळा डब्यात अंडं-मांस आणू देत नाहीत. सरकारी शाळेत डब्याचा प्रश्न वेगळाच, कारण तिथं पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेतच शिजवलेलं जेवण मिळतं. केंद्राची ही योजना 1995 साली सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात कोरडं धान्य पडायचं. सर्वोच्च न्यायालयानं 2001 च्या नोव्हेंबरमध्ये शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर आपल्याकडं ‘शाळेतली खिचडी’ अवतरली. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम, असं तिचं प्रमाण ठरलेलं आहे. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं देण्याचा निर्णय घेतला, न खाणाऱ्यांना केळं. 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून अंडी आणावीत असं सांगितलं. बांधकामावरच्या मजुराचं मूल ज्या शाळेत जातं तिथला ‘लोकसहभाग’ कुणी करायचा, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.

तरी नियमाप्रमाणे शिजली, वाटली गेली तर ती खिचडी कागदावर बटाट्याच्या डब्यापेक्षा सरस भरते. आणि ती गरम असते. महापालिकेच्या शाळेतून मुलाला काढून महिना दोन-अडीच हजार फीच्या इंग्रजी शाळेत घालणारा कंत्राटी कामगार इंग्रजीबरोबर रोजचा पहाटेचा डबाही विकत घेतो, हे प्रवेशाच्या वेळी त्याला कुणी सांगत नाही.

जपानी कंपन्यांमुळं इकडं बेंतोचं, म्हणजे जपानी सजवलेल्या डब्याचं, कौतुक बरंच ऐकू येतं. पण जपाननं 1954 सालीच शालेय भोजनाचा कायदा केला आणि तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळांत मुलं शाळेचंच जेवण एकमेकांना वाढून जेवतात. सजवलेला डबा बालवाडीचा आणि सहलीचा. आपण चित्र पाहिलं ते सहलीचं.

राहता राहिलं पाकीट. शाळेच्या कँटीनमध्ये जादा मीठ-साखर-तेलाचे पदार्थ नकोत असं राज्यानं 2017 मध्ये सांगितलं. 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आतही ते विकायला बंदी केली. पन्नास मीटरच्या पलीकडं वडापावची गाडी असते, तिचं मला फारसं दुखणं नाही. दुखणं आहे ते घरूनच डब्यात जाणाऱ्या वेफर्स-बिस्किटांचं, विशेषतः छोट्या सुट्टीच्या डब्यात. दोन सुट्ट्यांच्या शाळांनी दोन डबे मागायला सुरुवात केली, तेव्हा दुसऱ्या डब्यासाठी पहाटेत जास्तीची पंधरा मिनिटं कुठून आली? ती आलीच नाहीत. त्या जागी पाच-दहा रुपयांचं पाकीट आलं. भाजलेले शेंगदाणे-गूळ, फुटाणे, केळं, राजगिऱ्याची वडी हे तेवढ्याच वेळात भरता येतं. रोज बटाटा चालवून घेणाऱ्या आईलाही माझा एवढा एकच आग्रह असेल.

मग परत येणारा डबा. उरलेलं अन्न पाहून आई भाजी बदलते, पोळीला आकार देते, सॉस घालते. त्याआधी तिनं दोन गोष्टी तपासाव्यात. झाकण मुलाला एकट्याला उघडतं का, हे घरी त्याच्या हातात देऊन पाहावं. गळू नये म्हणून घेतलेले चार कड्यांचे घट्ट डबे पहिलीतल्या बोटांना दाद देत नाहीत, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात बाई एकेक डबा उघडून देऊ शकत नाहीत. दुसरं, मोठी सुट्टी किती मिनिटांची आहे ते विचारावं. वीस मिनिटांच्या सुट्टीत हात धुवायची रांग, डबा, पाणी, शौचालय आणि खेळ बसवायचा असतो, आणि मुलं त्यातलं पहिल्यांदा काय सोडतात हे उघड आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 55 व्या कलमानं घालून दिलं होतं की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास सुट्टी द्यायची. वडिलांना कंपनीत तो अर्धा तास मिळतो. पालकसभेत पुढच्या वेळी रंगीबेरंगी डब्याचा विषय निघाला, तर मुलांची सुट्टी तेवढी करता येईल का, हे कुणीतरी मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही.